तिसरा कुकारा

माझी सासू डिंगिरी मेनिके गेल्या वर्षी गेली, आणि आता तिच्याबद्दल जो तो काहीबाही बोलतो. धबधबा बघायला येणारे पाहुणे माझ्या टपरीवर चहा पितात आणि खालच्या आवाजात विचारतात, "ती दगडावर बसणारी म्हातारी खरंच होती का हो?" होती का म्हणे! एकोणीस वर्षं मी तिच्या हातचं जेवले आणि तिची बोलणीही खाल्ली. ही बया भूतबीत नव्हती. माझ्या बापाची सख्खी बहीण होती, माझी आत्या. आमच्या डोंगरात आत्याच्या मुलाशी लग्न करायची रीत आहे. तेव्हा ज्या जिनदासच्या लहानपणी मी झिंज्या उपटल्या, त्याच्याच गळ्यात पडले, आणि आत्या सासू झाली. त्यानंतर तिने माझ्या हातच्या भाताला एकदाही चांगलं म्हटलं नाही.

तिचं सगळं आयुष्य एका दगडावर गेलं, म्हणून आधी तो दगड सांगते.

आमचा मानेलचा धबधबा आहे ना, त्याच्या माथ्यावर, ओढ्याच्या पलीकडे कितुलच्या माडांचं रान आहे. त्या माडाचा फुलोरा छाटून नीरा काढायची, खाली आणून आटवायची, काकवी करायची, गूळ करायचा. गावाचं पोट त्यावर. माणूस पहाटे एकदा चढतो, दुपारी चारला पुन्हा चढतो. जाताना काही वाटत नाही. येताना भरलं मडकं पाठीला बांधून, अगदी कड्याच्या तोंडाशी, उघड्या कातळावरून ओढा ओलांडावा लागतो. बारा पावलं. आणि धुकं आलं की स्वतःचा पाय स्वतःला दिसत नाही. आमच्याकडचं धुकं वरून उतरत नाही, डोहातून वर चढतं. खाली ऊन असतं आणि वर माणूस आंधळा झालेला असतो.

म्हणून वरचा माणूस कातळाच्या कडेला थांबून कुकारा घालतो. खाली डोहाच्या डाव्या अंगाला एक सपाट दगड आहे, ओ देण्याचा दगड. तिथे त्याच्या घरचं कुणीतरी बसलेलं असतं. ते ओ देतं. तो आवाज उजव्या हाताला ठेवून वरचा माणूस बारा पावलं टाकतो. आवाज उजवीकडे आहे तोवर कडाही उजवीकडे आहे, एवढं साधं. मोबाइलची रेंज तिथे आजही येत नाही, उगाच मला शिकवू नका.

पण ओ कधी द्यायची, त्याला नियम आहे. कुकारे तीन झाले पाहिजेत. दोनावर ओ द्यायची नाही. कुणीच नाही, कधीच नाही.

ते मानेलमुळे. मानेल नव्या लग्नाची पोर. नवरा मधाच्या पोळ्यांसाठी वेलीला धरून कड्यावरून खाली उतरलेला, आणि ही वर वेलीपाशी राखणीला बसलेली. वेल कातळावर घासून घासून तुटायला आली. हिने एक कुकारा घातला, दुसरा घातला, तिसऱ्यासाठी तोंड उघडलं तोच पायाखालचं शेवाळ सरकलं. दोघंही डोहात. नवऱ्याचं प्रेत वर आलं, ती आलीच नाही. तेव्हापासून धुक्याच्या दिवशी ती कुकारे घालते, पण दोनच. तिसरा तिला येत नाही. त्या दोनांना जो ओ देईल त्याचा आवाज ती आधी काढून घेते, मग हळूहळू माणूसही नेते. आमच्या गावात हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

तुम्ही हसाल. पाहुणे हसतातच. मी दोनदा ऐकलेत तिचे कुकारे, लग्नाआधी. माणसाच्या कुकाऱ्याला शेपूट असतं, तो विरत विरत जातो. हा विरत नाही. कुणीतरी तोंडावर हात दाबावा तसा मध्येच बंद होतो. आणि कुत्री कान हलवत नाहीत. ओसरीवर कुत्रं निजलेलं, आपल्या अंगावर काटा उभा, आणि ते मजेत झोपलेलं. त्याला ऐकूच येत नाही.

तर माझा सासरा, पुंचिराळ. हसरा माणूस होता म्हणतात. माडावर चढता चढता बायकोला खालून ओरडायला लावायचा आणि वरून तिची नक्कल करायचा. जिनदास बारा वर्षांचा असताना, एका धुक्याच्या दुपारी तो वर गेला. खाली दगडावर आत्या, जिनदास आणि कपडे धुणाऱ्या तिघीचौघी. साडेचारच्या सुमाराला एक कुकारा आला. आत्या उठून उभी राहिली. दुसरा आला. आत्याने श्वास भरून घेतला आणि तिसऱ्याची वाट बघू लागली.

तिसरा आलाच नाही.

ती ओ द्यायला निघाली होती, असं ती शेवटपर्यंत सांगायची. बायकांनी तिला धरलं. "अगं येडे, दोनच झाले! तुझा नवरा नाही तो!" एकीने तर तिच्या तोंडावर पदर दाबला. सगळ्यांनी मिळून तिला ओढत घरी नेलं, दार लावून घेतलं. पुंचिराळ उशिरा येईल, वरच्या झोपडीत थांबला असेल, असं म्हणत रात्र काढली. सकाळी माणसं वर गेली. तो डोहात नव्हताच. माथ्यावर, माडापासून वीस-पंचवीस हातांवर पालथा पडलेला होता. मांडीचं हाड बाहेर आलेलं, आणि मागे ओरखड्यांची वाट. माडापासून तिथपर्यंत सरपटत आला होता. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं.

म्हणजे रात्रभर जिवंत होता.

गावाने तिची समजूत घातली. विहारातल्या भंतेंनीही सांगितलं, ती हाक त्याची नव्हती, डोहातलीची होती. तू नियम पाळलास, तुझ्याकडे दोष नाही. पण आत्याच्या डोक्यात एकच किडा शिरला तो शिरलाच. ते दोन कुकारे कुणाचे? मानेलचे असतील तर ती सुटली. पुंचिराळचे असतील, तिसऱ्याला त्याच्यात दम उरला नसेल, तर तिने नवऱ्याची हाक ऐकून तोंड मिटून घेतलं होतं. मधलं काही नव्हतं. एकतीस वर्षं ती बाई ह्या दोन गोष्टींच्या मध्ये उभी होती.

त्या दिवशी दगडावर असलेल्या प्रत्येकीला तिने विचारून विचारून सळो की पळो केलं. "शेवट कसा होता गं आवाजाचा? विरला की तुटला?" बायका तिला लांबून बघून वाट बदलायच्या. दर नव्या वर्षाला, दूधभाताचं ताट वाढून झालं की ती जिनदासला विचारायची, "बाळा, तुझ्या अप्पांचा आवाज होता का रे तो?" आणि तो दर वर्षी मान खाली घालून म्हणायचा, "आठवत नाही, अम्मा." मी लग्न होऊन आले त्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मी मध्येच म्हटलं, "अहो आत्या, सणाच्या दिवशी कशाला ते?" त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ताट उचलून चुलीपाशी गेले.

जिनदास मोठा होऊन त्याच माडांवर चढू लागला. दुसरं करणार काय? आणि ही त्याच दगडावर बसू लागली. रोज दोनदा. ओ देणं खरं तर बायकोचं काम, म्हणजे माझं. मी एकदा दगडावर जाऊन बसले तर म्हणाली, "ऊठ. तुझा आवाज फाटका आहे. माझा पोरगा उजवं समजून डावीकडे जाईल."

"आणि तुमचा आवाज काय मंजूळ लागून गेलाय? कावळे उडतात," मी म्हटलं.

"उडू देत. पोरगा येतो ना खाली?"

मग मी टपरी टाकली आणि दगड तिला दिला. तिचा आवाज खरोखर जबरदस्त होता हो. कुकारा घातला की पलीकडच्या डोंगरावरची चहाची पानं खुडणाऱ्या बायका मान वर करायच्या.

गेल्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी धुकं चढायला लागलं तसे पाहुणे पळाले. मी आत्यासाठी कोरा चहा आणि गुळाचा खडा घेऊन दगडाकडे गेले. आमचं कुत्रं माझ्या मागे मागे. डोहावर पांढरं इतकं दाट होतं की धबधबा दिसत नव्हता, नुसता आवाज. आणि तो आवाजही बदललेला. पाणी पडतंय असं वाटेना, पाणी थांबून ऐकतंय असं वाटायला लागलं. आत्या बसली होती, हात मांडीवर. मी चहा पुढे केला. तिने खडा दाताखाली धरला, एक घोट घेतला, आणि वरून कुकारा आला.

"आला तुझा नवरा," ती म्हणाली आणि पेला खाली ठेवला.

दुसरा आला.

मी कुत्र्याकडे बघितलं. ते पायाशी झोपलं होतं. कान हललाच नाही. आत्यानेही कुत्र्याकडेच बघितलं. मग आम्ही दोघी वाट बघत राहिलो. मी मनात आकडे मोजत होते, वीस झाले, तीस झाले. वर काहीच नाही. धुकं दगडाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि ते गार नव्हतं. कुणीतरी अगदी जवळून तोंडावर श्वास सोडावा तसं उबदार होतं.

"आत्या, घरी चला," मी म्हटलं. मी तिचा दंड ओढला. "कुत्र्याला ऐकू आलं नाही. हा तुमचा पोरगा नाही. चला ना!"

ती उठली. घराकडे नाही, पाण्याकडे तोंड करून.

"आत्या! दोनच झालेत!"

"मोजता येतं मला," ती म्हणाली. "जा, माणसं घेऊन ये. पळ."

आणि तिने ओ दिली. तसली ओ मी जन्मात ऐकली नाही. पोटापासून काढलेली, लांबच लांब. ती संपली तेव्हा धबधब्याचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला, आणि आत्या गळा धरून मटकन खाली बसली.

मी पळाले. शेजारचा हीन बंडा नावाचा गडी ओसरीवर पान लावत होता. म्हणाला, "दोनच ना? मग तू घरात जाऊन दिवा लाव, यसवती. अक्काला वेड लागलं म्हणून आम्ही लावून घ्यायचं का?" त्याला मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. त्याच्या मेलेल्या बापालाही सोडलं नाही. एवढं मात्र सांगते, पाच मिनिटांत तो, त्याचे दोन भाऊ आणि एक दोरखंड माझ्यापुढे चढत होते.

जिनदास माडाच्या बुंध्याशी कातळाच्या भेगेत पडला होता. चढताना पाय बांधायची वेल तुटलेली, डोकं फुटलेलं, उजवा पाय गुडघ्यातून भलतीकडे वळलेला. नीरेचं मडकं वर फुलोऱ्याला तसंच लटकत होतं. नाकाशी बोट धरलं तर श्वास होता. अंधार पडायच्या आत खाली आणला. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन तास उशीर झाला असता तर रक्त जाऊन संपलाच असता.

मी सुखाने रडले. पण आत्याचा आवाज गेला तो गेलाच. उरला तो घोगरा, कुजबुजल्यासारखा. वैद्य झाले, काढे झाले, काही उपयोग नाही. गाव म्हणालं, बघा, घेतला की नाही तिने? मी म्हटलं, घेऊ दे, माझा नवरा दिला ना परत.

तीन आठवड्यांनी जिनदासला घरी आणला. पहिल्याच संध्याकाळी आत्या त्याच्या उशाशी येऊन बसली. ती काय विचारणार ते मला आधीच कळलं, आणि माझा जीव टांगणीला लागला. तो म्हणाला असता, 'हो, मी दोनदा ओरडलो, तिसऱ्याला दम नव्हता,' तर संपलंच. दोन कुकारे जिवंत माणसाचेही असू शकतात हे कळलं असतं, आणि पुंचिराळला तिने स्वतःच्या कानाने मरू दिलं हेही. मी तिच्या मागे उभी राहून त्याला डोळ्यांनी खुणा करत होते. नाही म्हण. मेल्या, नाही म्हण.

"बाळा," ती त्या फुटक्या आवाजात म्हणाली, "किती कुकारे घातलेस?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "एकही नाही, अम्मा."

"एकही नाही?"

"नाही."

तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला, पदर खोचला आणि बाहेर गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. एकतीस वर्षांची धोंड उतरली. मी जिनदासच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "पहिल्यांदा आयुष्यात शहाण्यासारखं वागलास. काय सफाईने खोटं बोललास रे!"

"कसलं खोटं?"

"आता माझ्यापुढे नको. मी ऐकलेत ना दोन्ही कुकारे."

तो कोपरावर उठायला गेला आणि कळवळला. "यसे, वेल तुटली ती मला आठवते. त्यानंतर दवाखान्यातला पंखा आठवतो. मध्ये काही नाही गं. मी हाक मारलीच नाही."

कुत्र्याचा कान हलला नव्हता.

आत्या कुठे गेली असेल ते विचारायला नको होतं. मी धावत गेले तर दगडावर होती, उभी. ऊन उतरलं होतं, धुकं नुकतंच डोहातून वर सुटत होतं.

"आत्या, त्याने खरंच हाक मारली नव्हती," मी म्हटलं. "म्हणजे पुंचिराळमामांच्या वेळीही तीच होती. मामा नव्हते. तुमच्याकडे दोष नाही, ऐकलंत का? संपलं ते!"

ती वळली. सुटलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

"येडी आहेस," ती म्हणाली. "ती कशाला हाक मारत होती, यसे? आपला पोरगा वर पडलाय, हे कुणाला तरी कळावं म्हणून ना? तेव्हाही तेच सांगत असणार. कुणाचा आवाज, कुणाचा आवाज, हेच विचारत बसले मी जन्मभर. कुणाचाही असू दे गं. माझा माणूस वर पडला होता आणि कुणीतरी मला सांगत होतं. मी दार लावून घेतलं."

मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो हळूच सोडवून घेतला, कड्याकडे तोंड केलं, आणि दोन्ही तळवे तोंडाशी नेले. मला वाटलं, ह्या गळ्यातून काय निघणार आता?

कुकारा निघाला. मोठा, कोवळ्या पोरीचा असावा तसा, आणि विरला नाही. मध्येच तुटला. तिच्या तोंडातून आला होता, मी समोर उभी होते, आणि तरी तो आवाज मी ओळखला. तिनेही ओळखला असावा, कारण ती क्षणभर थांबली. मग पुन्हा तळवे तोंडाशी नेऊन तिने दुसरा घातला.

तिसऱ्यासाठी तिने तोंड उघडलं. ओठ हलत राहिले, छाती वर-खाली झाली, आवाज आला नाही. खालच्या आळीत चुली पेटल्या होत्या, अंगणात बायका होत्या, हीन बंडा ओसरीवर होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. दारं लागत गेल्याचे आवाज मला एकामागून एक ऐकू आले. आत्या तशीच उभी होती, पुंचिराळ पडला होता त्या माथ्याकडे बघत, तोंड उघडं टाकून.

माझा आवाज फाटका आहे, तिने सांगितलं होतं तसा. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि होता तेवढा सगळा लावून ओ दिली.